उल्काची बहीण

“फुगे तूच भरायचेस. त्या चित्रकार बाईंनी तुझं नाव घेऊन सांगितलंय,” माने काका म्हणाले, पेन ड्राइव्ह माझ्या कीबोर्डवर ठेवला आणि चहाला निघून गेले.

फुगे म्हणजे चित्रकथेतल्या माणसांच्या तोंडापाशी असतात ते पांढरे गोळे. चित्रकार ते रिकामे सोडतो, संवाद वेगळ्या कागदावर येतात, आणि माझ्यासारखी डीटीपीवाली ते एकेका गोळ्यात बसवते. शब्द दुसऱ्याचे, चित्र दुसऱ्याचं, मापात बसलं नाही तर बोलणी आपल्याला. पुण्यात नारायण पेठेतल्या त्या दुकानात अकरा वर्षं मी लग्नपत्रिका, प्रबंध आणि दशक्रियेची पत्रकं बसवत होते. चित्रकथा आली ती पहिलीच.

फाईल उघडली. वर ठसठशीत अक्षरांत ‘आकाशकन्या उल्का’. खाली, ‘पुनर्कथन आणि चित्रं : गिरिजा कल्याणशेट्टी’.

मला आनंद झाला नाही. बार्शीची पोर, चौथीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेली, तिचं नाव असं छापून येतंय म्हणून ऊर भरून आला वगैरे लिहिणाऱ्या बाया वेगळ्या. मला वाटलं, माझी साडी नेसून ही लग्नात मिरवायला निघालीय.

उल्काचं कार्टून आम्ही लहान असताना रविवारी सकाळी साडेनऊला टीव्हीवर लागायचं. उमा नावाची साधी शाळकरी पोरगी. दोन वेण्यांच्या लाल रिबिनी एकमेकींत गाठल्या, एक गिरकी घेतली की तिची उल्का व्हायची, आणि मग ती उडायची, दैत्यांच्या टाळक्यात प्रकाश घालायची, बुडती गावं वर काढायची. त्या साली आमच्या शाळेत एकीचीही रिबीन धड राहिली नाही. मधल्या सुट्टीत गिरक्या घेताना दोघींचे दात पडले, तेव्हा हेडबाईंनी गिरकीवर बंदी आणली.

रंगीत टीव्ही गिरिजाच्या घरी होता. तिच्या वडलांची बाजारात डाळीची अडत. मी उंबऱ्यापाशी बसायचे. तिची आई काही म्हणायची नाही, पण आत ये असंही म्हणायची नाही. गिरिजाच हाताला धरून मला गादीवर ओढायची. मग चौथीला तिला स्कॉलरशिपच्या क्लासला घातलं. क्लास रविवारी, सकाळी नऊ ते अकरा. गिरिजा रडली, जेवली नाही, शेवटी माझ्याकडं आली. म्हणाली, “वैजू, तू तुझ्या मामाकडं बघतेस ना? बघत जा आणि सोमवारी मला सांग. काही गाळू नको.”

मामाकडं टीव्ही आहे ही थाप मीच कधीतरी मारली होती. मामाकडं एक सायकल होती आणि बारमाही खोकला होता. आणि तुळशीचं लग्न झाल्यावर तर रविवारी मी मामाकडंसुद्धा नसायचे. आई मंगल कार्यालयात स्वयंपाकाला जायची, तिच्या हाताखाली मी पुऱ्या लाटायला. शंभर लाटल्या की पाणी प्यायला सुट्टी.

पहिल्या सोमवारी गिरिजा शाळेच्या रस्त्यावर पिंपळाखाली उभी होती. “सांग.” मी नाही बघितलं म्हणाले असते तर संपलं असतं. पण ती ज्या डोळ्यांनी बघत होती, तशा डोळ्यांनी माझ्याकडं तोवर कुणी बघितलं नव्हतं. मी सांगायला लागले.

आठ रविवार गेले. मी उल्काचा एकही भाग बघितला नाही, आणि आठही सांगितले. उल्का कैदेत पडली. तिच्या रिबिनी दैत्याच्या भटारखान्यात जळाल्या. आणि त्या भटारखान्यात तिला सापडली तिची धाकटी बहीण, ठिणगी. काळीसावळी, राखेनं माखलेली. तिला उडता येत नाही. पण जळता निखारा ती मुठीत धरू शकते. दैत्याच्या हजार पुऱ्या तीच तळते, आणि तिच्याकडं कुणी वळून बघत नाही, म्हणूनच तिला सगळ्या वाटा माहीत असतात.

गिरिजा ते ऐकून घरी जायची आणि चित्रकलेच्या वहीत काढायची. मला दाखवायची, “अशीच होती ना?” मी म्हणायचे, “नाक जरा बसकं होतं.” ती खोडून नाक बसकं करायची.

पाचवीला तिला स्कॉलरशिप मिळाली आणि तिला सोलापूरच्या शाळेत घातलं. मला काय मिळालं ते सोडा.

तर त्या दिवशी दुकानात मी पानं पुढं सरकवत होते. चित्रं चांगली होती. चांगली होती याचाच राग येत होता. एखादा हात वाकडा, एखादं तोंड बिघडलेलं सापडेल म्हणून मी मोठं करकरून बघत होते. सापडलं नाही. एकाहत्तराव्या पानावर उल्का भटारखान्याची पायरी उतरली, अंधारात एक मूठ उघडली, त्यात लाल निखारा, आणि त्या उजेडात एक बसक्या नाकाचा चेहरा.

माझा हात माउसवर तसाच राहिला.

चित्र आणखी मोठं केलं. ठिणगीच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग होता, चिंचेच्या बोटुकासारखा, टोकाला वळलेला. मी माझी बाही वर सारली. तेलाच्या कढईचा तो डाग मला चौथीतच पडलेला. गिरिजानं तोही काढला होता. संवादाचा कागद शेजारी होता, त्यात एकाहत्तराव्या पानापुढं लिहिलं होतं : ‘तू आभाळातनं पडलीस ताई, म्हणून तुला सगळे बघतात. मी चुलीतनं उडाले.’

अक्षर अन् अक्षर माझं. नऊ वर्षांच्या वैजयंता घोडकेचं, पिंपळाखाली बोललेलं. चौतीस पानं ठिणगीची होती, आणि त्या चौतीस पानांपुढं बाकी पुस्तक पाणचट होतं. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाच मला दिसत होतं. आणि नाव कुणाचं? पुनर्कथन आणि चित्रं : गिरिजा कल्याणशेट्टी.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. त्याच्या दोन वर्षं आधी, हे पुस्तक काढणाऱ्या प्रकाशनाकडंच मी माझ्या कथांचं बाड नेऊन दिलं होतं. संपादक केळुसकर मॅडमचं एका ओळीचं पत्र आलं : ‘लेखनात धग आहे, शिस्त नाही.’ ते पत्र मी फाडलं नाही. शिव्या द्यायला समोर काहीतरी लागतं. आणि आता त्याच मॅडम माझी गोष्ट छापत होत्या, आणि मी तिचे फुगे भरत होते.

मी सत्तर पानं भरली आणि थांबले. ठिणगीच्या पानांना हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी केळुसकर मॅडमचा फोन आला, गुरुवारी दुपारी ऑफिसला याल का म्हणून. अडचण अशी होती, त्यांनी सांगितलं, की मालिकेच्या शेवटच्या आठ भागांच्या टेपांना बुरशी लागून त्या गेल्या. तेवढा भाग गिरिजानं आठवणीतून लिहिलाय. वाचकांकडून आठवणी मागवल्या, ढीगभर पत्रं आली, पण उल्काच्या बहिणीचा उल्लेख एकातही नाही. गिरिजा म्हणते ती होती, आणि ज्या मैत्रिणीनं ते भाग बघितले ती पुण्यातच आहे. “तुम्हीच ना त्या?” त्यांना कथांचं बाड आठवत नव्हतं.

गुरुवारी मी बरी साडी नेसून गेले.

गिरिजा जिन्यातच उभी होती. वीस वर्षांनी भेटत होतो. केस कापलेले, बोटांना शाई, अंगात खादीचा ढगळा कुडता. पैसेवाल्यांनाच असले गरिबीचे कपडे परवडतात. तिनं माझा हात धरला, थेट मनगटापाशी. “फुगे बघितलेस? ठिणगी जमलीय का गं?” मी म्हणाले, अजून तिथवर पोचले नाही. ती हसली. म्हणाली, “मी मुद्दाम तुझं नाव दिलं. म्हटलं, कुणी भरायचे तर वैजूनंच.”

मुद्दाम नाव दिलं म्हणे. उंबऱ्यावरून गादीवर ओढायचीस, तसंच ना. हे मी मनात म्हणाले.

आत आजगावकर सर बसले होते. उल्का त्यांनी काढली, त्यांनीच हलवली, त्यांनीच तिला बोलतं केलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे, कानात यंत्र, मांडीवर ठिणगीचं पान. ते पानावरून बोट फिरवत होते. मॅडमनी त्यांना मोठ्यानं विचारलं, सर, ही तुमच्या मालिकेत होती का? सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

“असेल. माझीच वाटते,” ते म्हणाले. “हे नाक... असली नाकं मी काढायचो.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसकं नाक माझं. मी सांगितलं म्हणून गिरिजानं खोडून काढलेलं. आणि हा म्हातारा फुकटात बाप व्हायला निघाला होता.

मॅडम म्हणाल्या, ‘असेल’ आणि ‘वाटते’वर काम होणार नाही. मालिकेत असेल तर ती सरांची, करारात आली, प्रश्न मिटला. नसेल तर कुणाची ते नक्की कळलं पाहिजे. सर म्हणाले, “ज्याची असेल त्याचं नाव घाला की. मी सही करतो. पोर चांगली आहे.” मॅडम म्हणाल्या, तेच तर. नाव मिळालं तर छापू. नावच नसेल तर चौतीस पानं काढावी लागतील, उद्या कुणीही उठून माझी म्हणेल. मग त्यांनी गिरिजाला विचारलं, अगदी सरळ, ही तू रचलीस का? तसं असेल तर आत्ता सांग, काही बिघडत नाही.

हो म्हणाली असती तर तिथंच सुटली असती. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. म्हण, मी मनात म्हणत होते, म्हण माझी, म्हणजे मला तुझा आयुष्यभर द्वेष करायला कारण मिळेल.

“नाही,” गिरिजा म्हणाली. “एवढं मला नाही सुचत. मी चौथीत स्कॉलरशिपच्या क्लासला जायचे. हे सगळं वैजूनं बघितलं आणि दर सोमवारी मला सांगितलं. मी फक्त काढलं. हिला विचारा.”

तिघंही माझ्याकडं वळले. सरांनी कानातलं यंत्र दाबलं.

तीन वाटा होत्या, आणि तिन्ही मला स्वच्छ दिसत होत्या. होती म्हणाले, की ठिणगी म्हाताऱ्याची. माझी म्हणाले, की ती माझी. पण मग मामाच्या टीव्हीची थाप, कार्यालयातल्या पुऱ्या, सगळं त्या काचेच्या टेबलावर मांडायला लागणार. तेही मी मांडलं असतं. पुऱ्यांची लाज मला कधीच वाटली नाही. पण गिरिजा माझ्याकडं बघत होती, पिंपळाखाली बघायची तशीच, बोल आता वैजू, म्हणून. तिनं हात पुढं केला होता आणि मी तो धरून आत यायचं होतं.

“उल्काला बहीण नव्हती,” मी म्हणाले.

“नक्की?” मॅडम म्हणाल्या.

“मी आठही भाग बघितलेत. बहीणबिहीण काही नव्हती. ही कुठनं आणली ते मला माहीत नाही.”

सरांनी पान टेबलावर ठेवलं, जरा नाखुशीनंच. मॅडमनी गिरिजाकडं बघितलं, आणि त्या बघण्यात जे होतं ते बघायला मी दोन वर्षं थांबले होते. इतकी वर्षं हुशार म्हणून मिरवलेली पोर एका मिनिटात खोटी ठरली. तिनं वाद घातला नाही. कपाळावर एक आठी घालून ती माझ्याकडं बघत राहिली, गणित चुकलं की बघायची तशी. मी चहा संपवून निघाले. चहा चांगला होता.

पुढचे पंधरा दिवस मी मजेत होते. खोटं कशाला बोलू. माने काकांनी विचारलंसुद्धा, हल्ली गुणगुणतेस काय. मला वाटायचं, चौतीस पानं गेली, आता बघू काय उरतं तुझ्या पुस्तकात.

मग एका सकाळी गिरिजा दुकानात आली. नवी पानं घेऊन. डोळ्यांखाली काळं आलेलं. शेवट तिनं नव्यानं काढला होता : उल्का एकटीच कैद फोडते, एकटीच टेकडीवर उभी राहते. माझ्या टेबलासमोर ग्राहकाचं स्टूल होतं, त्यावर बसली. एक लग्नपत्रिका माझ्या स्क्रीनवर उघडी होती, ती थोडा वेळ वाचत राहिली.

“मी हिशेब केला,” ती म्हणाली. “टीव्हीवर नव्हती म्हणतेस. मी तर रचली नाही. मग मला सांगितली कुणी?”

मी पत्रिकेतल्या वधूपित्याचं नाव ठळक केलं.

“तुझ्या मामाकडं टीव्ही नव्हता ना, वैजू?”

“नव्हता.”

“मग तू रविवारी कुठं असायचीस?”

“कार्यालयात. पुऱ्या लाटायला.”

मला वाटलं आता रडेल, किंवा शिवी देईल. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडं भरपूर तयार होत्या. ती माझ्या मनगटाकडं बघत होती.

“म्हणजे सगळं तुझं,” ती म्हणाली. “आठही सोमवार. अगं, ठिणगी सुचली कुणाला, ते मी वीस वर्षं शोधतीय. मी चित्रं काढायला लागले ती तिच्यामुळं. आणि त्या दिवशी तू तिथं बसली होतीस. सर सही करत होते. एवढंच म्हणायचं होतंस, माझी आहे. पहिल्या पानावर तुझं नाव माझ्या वर गेलं असतं. मी दिलं असतं.”

“तू दिलं असतंस,” मी म्हणाले. “म्हणूनच.”

तिला कळलं की नाही, कोण जाणे. मला वाटतं कळलं. ती उठली, स्टूल जागेवर सरकवलं. दारातून म्हणाली, आता सांग की मॅडमना, अजून वेळ आहे. मी म्हणाले, माझ्याच्यानं होणार नाही. काय सांगू, त्या दिवशी खोटं बोलले? “हो,” ती म्हणाली. मी पत्रिकेत तोंड घातलं. मान वर केली तेव्हा स्टूलच होतं.

फुगे मी भरले. ठिणगीची चौतीस पानं फाईलमधून काढायचं कामही माझंच होतं. एकेक निवडून काढावी लागली, कारण काही पानांच्या मागं दुसरी जोडलेली होती. एकाहत्तरावं शेवटी काढलं. मशिननं नेहमीसारखं विचारलं, नक्की काढायचं का. मी हो दाबलं. काढलेल्या पानांची एक जादा प्रत ठेवायची दुकानाची पद्धत आहे. मी ठेवली नाही. तेव्हा मला वाटलं होतं, ठिणगी डोक्यातच आहे, कधीही लिहीन. त्याला आज दहा वर्षं झाली. माझी चार पुस्तकं निघाली, धगीची पण निघाली आणि शिस्तीची पण. ठिणगी लिहायला तीनदा बसले. ती येत नाही. आली तरी बोलत नाही.

छपाईला जायच्या आधी शेवटची तपासणी माझ्याकडं होती. बदललेल्या चित्रांत जुनं काही उरलंय का, एखादा हात, एखादी रेघ, ते बघायचं आणि मॅडमना कळवायचं. मी पान पान बघितलं. गिरिजाचं काम स्वच्छ असतं, कुठं काही उरलं नव्हतं. शेवटच्या पानावर आले. उल्का टेकडीवर एकटी, पाठीमागं मावळतीचं ऊन, रिबिनी वाऱ्यावर.

तिच्या पायाशी सावल्या दोन होत्या.

एक लांब, वेण्यांची. दुसरी ठेंगणी, तिच्या कमरेला लागणारी, एक मूठ मिटलेली. मी चित्र मोठं केलं, लहान केलं, पुन्हा मोठं केलं. विसरून राहिलेली सावली अशी नीट रंगवलेली नसते.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला. गाडी छापखान्याकडं निघाली होती. “झालं का बघून?” त्यांनी विचारलं. “जुनं काही राहिलं नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले. “काही राहिलं नाही.”